उसन्या चित्रांचें निरूपण

१९७५ सालीं अमेरिकेंत कँडी फाँग या रसिक स्त्रीनें ‘स्टार ट्रेक’ मालिकेचीं स्थिरचित्रें गीताच्या साथीनें पडद्यावर दाखविलीं. पुढें घरोघर व्हिडिओ-यंत्रें आलीं आणि ही कला मुख्यतः स्त्रियांनींच वाढविली. चित्रें परक्यांचीं, गीतही परक्याचें. मग कर्त्रीचें स्वतःचें काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कीर्तनकाराचा अभंग तरी कोठें त्याचा असतो? निरूपण मात्र त्याचें असतें. मूळ कथेंत क्षणभर दिसून लोपणारी एखादी नजर गीताच्या नेमक्या शब्दावर आणून ठेवली, कीं दुर्लक्षित पात्राचें मन उघडें होतें. जेथें चित्र शब्दाचा अर्थच पुन्हा सांगतें, तेथें ही कला फसते. जेथें तें शब्दाला नवा अर्थ देतें, तेथें ती रसिकाची टीका ठरते.