एकवीस जणांचा एक वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स (१९६४ ते १९९०) वाचून वाढलेल्याला त्यातल्या वेताळ या नायकाचा उगम सांगावा लागत नाही. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला गेला, एकटा मुलगा वाहत किनाऱ्याला लागला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि येणाऱ्या पिढ्यांनाही तिच्यात बांधून टाकलं. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि लोक समजतात, हा मरतच नाही.

ठोसे, घोडा, अंगठीचा ठसा हे सगळं छान. पण वेताळाचा जनक ली फॉक याची खरी करामत कवटीच्या गुहेत आहे. तिथे प्रत्येक वेताळाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बखरी रांगेने मांडलेल्या, आणि जवळच पूर्वजांची थडगी. बाहेर जंगल त्याला अमर म्हणतं, आत मेलेल्यांचा चोख हिशेब! हे गुपित वाचकाला ठाऊक असतं, म्हणून फसणाऱ्या खलनायकाची मजा दुप्पट होते. शिवाय आजच्या, एकविसाव्या वेताळाने एखादी जुनी बखर उघडली की गोष्ट थेट दोन-तीन शतकं मागे उडी मारते. सतरावा वेताळ जखमी असताना त्याच्या बहिणीने, ज्यूलीने, पोशाख चढवला, ही त्यातली माझी लाडकी गोष्ट. शपथेत तर फक्त मुलगेच होते!

खटकतं तेही आहेच. गोऱ्या माणसाने पिढ्यानपिढ्या जंगलाचा न्यायनिवाडा करायचा, हे आज घशाखाली उतरत नाही. भूगोलही डळमळीत: फॉकचं जंगल आधी आशियाकडे झुकलेलं, पुढे आफ्रिकेत गेलं. इंद्रजालवाल्यांनी त्याचं डेंकाली केलं आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’. बरं केलं.

पण खरी उणीव दुसरीच. ती कळते नेतोजी पालकरांची गोष्ट आठवली की. ज्यांना प्रतिशिवाजी म्हणत, तेच शिवाजी महाराजांचे सरनोबत १६६६ मध्ये स्वराज्याबाहेर पडले, आदिलशाहीत आणि मग मोगलांकडे गेले. औरंगजेबाने त्यांचा मुहम्मद कुली खान केला. १६७६ साली ते परतले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. एका माणसाचं असं तुटणं आणि पुन्हा जोडलं जाणं वेताळाच्या बखरींत मला आठवत नाही. तिथे मुलगा बापाच्या जागी बिनबोभाट उभा राहतो. मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’वाल्यांनी मात्र साथीदार फुटण्याचा आणि परतण्याचा खेळ मनसोक्त खेळून घेतला.

फॉकने १९७७ मध्ये एकविसाव्याचं त्याच्या प्रेयसीशी, डायनाशी, लग्न लावलं, पुढे जुळी झाली: किट आणि हेलोइझ. रिवाजाने गादी किटची. माझं मत विचाराल तर बाविसावा वेताळ हेलोइझनेच व्हावं. ज्यूलीची बखर घरातच तर आहे.