गिऱ्हाईक आणि क्रियापद : कर्जत-खालापूरकडील मद्यगृहांच्या अनुभवकथनाविषयी

मराठी वाङ्मयात मद्यपी पुष्कळ आहेत. मद्यगृहातले गिऱ्हाईक मात्र जवळजवळ नाही. ज्याचा संसार बुडाला तो आपल्या परिचयाचा आहे, ज्या प्याल्यात तो बुडाला तो प्यालाही परिचयाचा आहे. परंतु दिवसभराचे काम उरकून घराजवळच्या दुकानात तासभर बसणारा, पैसे मोजणारा, मापाविषयी कुरकुरणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच जाणारा जो सामान्य मनुष्य, त्याच्या अनुभवाची दखल आपल्या समीक्षेने घेतलेली नाही. हा अनुभव लिहिला जात नसला तरी सांगितला जातो, आणि सांगितलेल्या गोष्टीला काही एक रूप असतेच. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांकडे कानावर पडणाऱ्या अशा कथनाच्या भाषारूपाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ठाकर व कातकरी यांच्या बोली हा स्वतंत्र लेखाचा विषय असल्यामुळे येथे सर्वसामान्य मराठीपुरतीच मर्यादा घातली आहे.

प्रथम स्थळाची नावे पाहू. इंग्रजीतील पब हा शब्द 'लोकांचे घर' अशा अर्थाच्या जोडशब्दाचा संक्षेप आहे. परवाना तेथेही सरकारचाच, पण नाव लोकांचे. मराठीत तसे घडले नाही. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई. तो घेणारा गुत्तेदार, आणि त्याचे दुकान तो गुत्ता. पिठा हा शब्द बाजाराचा. लाकडाचा पिठा तसा दारूचा पिठा. अड्डा या शब्दाचे दैव तर फारच निराळे. बंगालीत आड्डा म्हणजे रंगलेल्या गप्पांची बैठक, आणि तिचा बंगाली मनुष्याला अभिमान वाटतो. मराठीत तोच शब्द जुगारी आणि चोर यांच्या वाट्याला गेला. राहता राहिली परमिट रूम. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला व्यक्तिशः परवाना आवश्यक ठरविला, आणि परवानाधारकांनी बसावयाची खोली ती परमिट रूम झाली. हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे व परवानाही कागदोपत्री लागतो. तो सहसा कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी. सारांश, गुत्ता हे विक्रेत्याला मिळालेल्या परवानगीचे नाव, आणि परमिट रूम हे गिऱ्हाइकाला मिळालेल्या परवानगीचे नाव. दोन्ही नावे कचेरीतून आली. तेथे जाणाऱ्याने स्वतः ठेवलेले नाव मराठीत आढळत नाही.

कचेरी म्हटली की गिऱ्हाइकाचा विसर पडलाच पाहिजे, असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण पाहावे. पानागारात निरनिराळ्या खोल्या असाव्यात, बसण्यानिजण्याची वेगवेगळी सोय असावी, गंध, माला आणि पाणी असावे, व ते ऋतुमानाप्रमाणे सुखकर असावे, असे तो सांगतो. मद्याच्या भरात झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाचा ऐवज नाहीसा झाल्यास दुकानदाराने तो भरून द्यावा व तेवढाच दंडही द्यावा, हेही सांगतो. हेर नेमण्यास तो विसरत नाही हे खरे. तथापि गिऱ्हाइकाला कसे वाटेल याचा विचार त्याने केला आहे. एवढा विचार आपल्या आधुनिक नाटककारांनी केलेला नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. मद्यपानावरील मराठी नाटक म्हटले की दुसरे नाव सुचत नाही, आणि मद्यपींचा मेळा रंगमंचावर बसविण्याचे धाडसही त्याच नाटकाचे. पण हा मेळा कसा आहे? तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ हे मंडळ आहे. तेथे शास्त्रीबुवांपासून खुदाबक्षापर्यंत सारे सभासद आहेत. तेथे भाषणे होतात, तत्त्वे मांडली जातात. गडकऱ्यांच्या पिढीने सभा, मंडळ्या, परिषदा यांचा जो सुकाळ पाहिला होता, त्याचे हे विडंबन आहे आणि विडंबन म्हणून ते अव्वल दर्जाचे आहे. परंतु त्यामुळेच मंडळातील माणसे सभासद होतात, गिऱ्हाईक होत नाहीत. लक्षात राहावा असा दुकानदार या नाटकात नाही. उधारी, माप, पेल्यातले पाणी, ठरलेली जागा, ती दुसऱ्याने बळकावल्याचा राग, या व्यवहारातून जे एक लहानसे जग उभे राहते ते येथे नाही. सुधाकराची सनद गेली, त्याचा अपमान झाला, आणि त्या विस्मृतीसाठी तळीरामाने प्याला पुढे केला. तेथून सिंधूच्या दुर्दशेपर्यंतची वाट सरळ उताराची आहे. शोकांतिकेला असा उतार लागतो, हे मान्य. तक्रार गडकऱ्यांविषयी नाही, नंतरच्या समीक्षेविषयी आहे. तिने हा उतार म्हणजेच मद्यगृहाचे संपूर्ण वर्णन असे धरून चालविले, आणि जो मनुष्य बुडत नाही, तरत नाही, नुसता रोज येतो, त्याला वाङ्मयाबाहेर ठेवले.

आता कर्जतकडे वळू. बोरघाटाच्या पायथ्याचे हे जंक्शन. येथून एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीस जातो. खालापूर तालुक्यातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि द्रुतगती मार्गही जातो. खोपोलीस टाटांचे वीजगृह आले, पुढे कारखाने आले. अलीकडच्या काळात नदीकाठी व डोंगराच्या कडेला शनिवार-रविवारची विश्रामगृहे आली. त्यामुळे देशी दारूचे दुकान, परमिट रूम आणि विश्रामगृहातील बार ही तिन्ही स्थळे येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि तिन्हींकडची कथने संध्याकाळच्या गाडीत एकाच डब्यात ऐकू येतात.

मुंबईहून आलेला पाहुणा जेव्हा आपला अनुभव सांगतो तेव्हा तो स्थळाचे वर्णन करतो. पाऊस, धबधबा, खोली, दिवे, गाणी, बिलाचा आकडा. त्याचे कथन लांब असते व विशेषणांनी भरलेले असते. गावचे गिऱ्हाईक स्थळाविषयी अवाक्षर काढीत नाही. "तिथं बरं आहे. पोरगा ओळखतो." एवढ्यात कथन संपते. या 'ओळखतो' चा अर्थ नावाने ओळखतो असा नव्हे, किंबहुना नावाने हाक मारली तर पंचाईतच. न विचारता नेहमीचे आणून ठेवतो, महिनाअखेर पैशांसाठी घाई करीत नाही, आणि घरचे कोणी विचारीत आले तर दिसला नाही म्हणून सांगतो, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. तक्रारही अशीच आटोपशीर असते. "पाणी मारलेलं होतं" म्हटले की पुढे काही बोलावे लागत नाही. कर्जत स्थानकावरच्या बटाटवड्याविषयी तासभर बोलणारी ही माणसे मद्यगृहाविषयी दोन वाक्यांत मिटतात, यात संकोच आहे. परंतु भाषेची एक व्यवस्थाही आहे.

ती व्यवस्था क्रियापदांत दिसते. 'पिणे' हे क्रियापद कर्मावाचून वापरले की मराठीत त्याचा अर्थ दारू पिणे असाच होतो: "तो पितो." पण हेच रूप प्रथमपुरुषात फारसे येत नाही. स्वतःविषयी बोलताना "मी कधीमधी घेतो" असे म्हणतात. अनेकवचनात आले की 'घेणे' ही मागे पडते व 'बसणे' पुढे येते: "काल आम्ही बसलो होतो", "बसायचं का आज?" मी घेतो, आम्ही बसतो, तो पितो: क्रिया एक, क्रियापदे तीन, आणि निवड पुरुष-वचनाच्या धोरणाने. पाहुण्याला आदराने "आपण घेता का?" असे विचारतात, "पिता का?" हा प्रश्न डॉक्टरचा किंवा पोलिसाचा. तरुण मुले 'मारणे', 'टाकणे' वापरून हा संकोच झुगारतात, पण घरात त्यांचाही जबाब 'बसलो होतो' असाच असतो.

वस्तूचे नावही असेच टाळले जाते. तिच्या जागी माप येते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, नाइन्टी म्हणजे तिच्या निम्मे, खंबा म्हणजे ७५० ची बाटली. शेराचे माप व्यवहारातून गेल्यावरही 'पावशेर' येथे टिकून राहिला. आणि जेथे मापही नाही तेथे नुसते स्त्रीलिंग उरते. "जरा जास्त झाली", "चढली", "उतरली" या वाक्यांत कर्ता बोलला जात नाही, केवळ क्रियापदाच्या लिंगावरून तो ओळखावयाचा. "मला चढली" या वाक्याची घडण "मला भूक लागली", "मला थंडी वाजली", "मला ताप आला" या वाक्यांचीच आहे. पिणारा चतुर्थीत आहे; क्रिया त्याच्यावर येते, तो करीत नाही. दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा' (१९११) पासून आपण विभक्ती व कारके यांची चर्चा करीत आलो. परंतु अनुभवाची ही चतुर्थी सामाजिक जबाबदारी टाळण्याच्या किती उपयोगी पडते, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. शेजारच्या माणसाविषयी बोलताना मात्र चतुर्थी झटकन गळून पडते व तो कर्ता होतो: "त्याने ढोसली."

जाता जाता एका शब्दाविषयी. आषाढी अमावास्येच्या 'गटारी' ला अलीकडे 'गतहारी' असे सोवळे मूळ देण्याची टूम निघाली आहे. 'गत' आणि 'आहार' यांचा संधी 'गताहार' होतो, 'गतहार' होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. शब्दाला धुऊन काढल्याने दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी कमी होत नाही.

येथवरचे विवेचन परमिट रूमपुरते झाले. देशी दारूच्या दुकानाशी आले की व्यवस्था बदलते. तेथे बहुधा उभ्यानेच प्यावयाचे असते. म्हणजे 'बसणे' हे सभ्य क्रियापद तेथील गिऱ्हाइकाला वस्तुतःच उपलब्ध नाही. वीटभट्टीवरचा कातकरी मजूर तेथे उभा असतो आणि त्याच्याविषयी इतरजन बोलतात ते असे: "कातकरी पितात." हा रीतिवर्तमान आहे. 'मासे पोहतात', 'गवत उगवते' अशी निसर्गनियमाची वाक्ये ज्या काळात सांगतात, त्याच काळात हे वाक्य सांगितले जाते. त्यात काल नाही, आज नाही, प्रसंग नाही, माप नाही. शनिवारी विश्रामगृहात 'बसणारा' पाहुणाही याच वाक्याने त्याची संभावना करतो, आणि दोघांच्या पोटात जाणारा पदार्थ फारसा निराळा नाही हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

या वाक्याला इतिहास आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मद्यनिर्मिती व विक्री सरकारी नियंत्रणाखाली अधिकाधिक आवळली गेली. पुढे १८९२ साली खास ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून मोहाच्या फुलांविषयीचा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल गोळा करून घरी ठेवणे हीच निर्बंधाची बाब ठरली. फुलापासून घरी काढावयाची दारू आता मक्तेदाराच्या दुकानातून, उरणच्या भट्ट्यांचा माल म्हणून, विकत घ्यावयाची होती. म्हणजे डोंगरातला मनुष्य मुळात गिऱ्हाईक नव्हता; त्याला कायद्याने गिऱ्हाईक केले, आणि जो झाला नाही तो हातभट्टीवाला, म्हणजे गुन्हेगार, ठरला. 'कातकरी पितात' या वाक्यात जे निसर्गनियमासारखे भासते त्याच्या पाठीमागे अशी एक अधिसूचना उभी आहे. समीक्षकाने व्याकरण पाहावे ते याचसाठी. नाहीतर भाषेत शिरलेला कायदा त्याला लोकस्वभाव वाटू लागतो.

अलीकडचा एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली व महामार्गावरून दिसणाऱ्या पाट्याही हटविण्यास सांगितले. १ एप्रिल २०१७ पासून परिणाम दिसू लागले आणि त्याच वर्षी नगरपालिका हद्दीविषयी स्पष्टीकरणही आले. खालापूरसारख्या रस्त्याकाठच्या तालुक्यात या निर्णयाचे महत्त्व सांगावयास नको. प्रस्तुत विषयापुरते एवढेच की, पाटी लागते ती पाहुण्याला. ज्याला 'पोरगा ओळखतो' त्याचे पाटीवाचून अडत नाही.

उरली ती स्त्री. ती या स्थळाची गिऱ्हाईक नाही. 'फॅमिली रूम' अशा पाटीखाली जेवावयास जाते तेवढीच. पण शेजारच्या दुकानाचा अनुभव तिलाही आहे, आणि तो सांगण्याचा प्रश्न जुना आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली जोतीराव फुले यांनी वस्तीतील दारूच्या दुकानास लेखी विरोध केला, तो न पिणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने. आजच्या नियमांनुसार गावातील वा प्रभागातील स्त्रियांना मतदानाने दुकान बंद करवून घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात, आणि यादीतील निम्म्याहून अधिक स्त्रियांची मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला न आलेली स्त्री उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते, हा या नियमातील कठीण भाग. या चळवळीच्या बोलण्यात "बायांनी बाटली आडवी केली" असे वाक्य येते. कर्ता तृतीयेत स्पष्ट, कर्म स्पष्ट, प्रयोग कर्मणी. मद्याविषयीच्या येथवर पाहिलेल्या आत्मकथनांत इतके सरळ वाक्य एकही आले नव्हते.

विभागातील विद्यार्थ्यांनी या दोन तालुक्यांत अशा कथनांचे संकलन करावयाचे झाल्यास आरंभ परमिट रूमपासून करू नये. तेथे क्रियापदे तयार असतात. देशी दुकानाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला, तो शुद्धीवर असताना व सकाळच्या वेळी, कालच्या संध्याकाळविषयी विचारावे, आणि तो प्रथमपुरुषात कोणते क्रियापद वापरतो ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. तेच त्याच्या बायकोलाही विचारावे, पण वेगळे, आणि तो समोर नसताना.