वेगळ्या कपातला चहा आणि दोघींचे प्रेम

प्रेमाला जात नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणणाऱ्याची जात कोणती, हे मात्र कोणी विचारीत नाही. नीरज घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’ने ते विचारले. एप्रिल २०२१ मध्ये ‘अजीब दास्तान्स’ या चार कथांच्या चित्रपटात ही कथा नेटफ्लिक्सवर आली. तेव्हापासून तिच्याविषयी जी मते ऐकू येतात ती इतकी परस्परविरोधी आहेत की, या सर्वांनी एकच चित्रपट पाहिला काय, अशी शंका यावी. म्हणून येथे चित्रपटाबरोबर त्याच्या प्रेक्षकाचीही समीक्षा करावयाची आहे. माणूस समाजाच्या कोणत्या पायरीवर बसून पाहतो, त्यावर त्याला काय दिसते हे ठरते.

कथा थोडक्यात अशी. भारती मंडल (कोंकणा सेन शर्मा) कारखान्यात पुरुषांच्या बरोबरीने यंत्रावर काम करते. ती दलित आहे. कार्यालयातली डेटा ऑपरेटरची जागा तिला हवी आहे आणि तिची पात्रताही आहे. जागा मिळते ती प्रिया शर्मा (अदिती राव हैदरी) या नवविवाहित ब्राह्मण तरुणीला. असे का झाले, हे दशरथ नावाचा सहकारी भारतीला सांगतो. पुढे या दोघींचीच मैत्री होते, आणि मैत्रीची ओढ होते. प्रियाचे मन संसारात रमत नाही, कारण ते मुळातच बाईकडे धावणारे आहे. भारतीने आपले आडनाव बॅनर्जी असे सांगितलेले असते. एक दिवस ती खरे सांगते. आपली आई दाई होती, आपण दलित आहोत. त्या क्षणापासून प्रिया बदलते. प्रियाच्या सासरी इतरांना चिनी मातीच्या कपात चहा येतो, भारतीला स्टीलच्या. मग भारती प्रियाला मूल होऊ देण्याचा सल्ला देते, त्यासाठी आपले घरही उघडून देते. मूल होते, प्रिया घरात अडकते आणि ती जागा भारतीला मिळते.

प्रेक्षकांची मते ढोबळमानाने चार प्रकारची दिसतात. काहींना ही केवळ दोन बायकांची हळुवार प्रेमकथा वाटते आणि जातीचा विषय त्यात उगाच आणला असे वाटते. काही म्हणतात, भारतीने प्रेमाचा विश्वासघात केला. दलित स्त्रीला कपटी दाखवून दिग्दर्शकाने तिचीच बदनामी केली. काहींना शेवट पाहून आनंद होतो. शतकानुशतके ज्यांनी जागा बळकावल्या, त्यांच्याकडून एक जागा बुद्धीच्या बळावर परत घेतली, असे ते म्हणतात. आणि चौथे मत आपल्या चळवळीतले. हे असले विषय पोट भरलेल्यांचे. भूक, नोकरी, अत्याचार हे आपले प्रश्न असताना यात वेळ कशाला घालवायचा?

या मतभेदांचे मूळ शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ मराठी रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी प्रेक्षकाने तेव्हा समोर पाहिली, पण नाटकाच्या शेवटी मित्रा स्वतःचा जीव घेते. प्रेक्षकाला हळहळ वाटते आणि त्याचा संसार सुखरूप राहतो. १९९८ मध्ये दीपा मेहता यांचा ‘फायर’ भारतात प्रदर्शित झाला. दिल्लीतल्या एकत्र कुटुंबातल्या दोन जावांचे प्रेम हा त्याचा विषय. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांत तोडफोड केली. राज्यात सत्ता युतीची होती. जावांची नावे राधा आणि सीता का, हा एक मोठा आक्षेप होता. एका बाजूने संस्कृतीचा गजर झाला, दुसऱ्या बाजूने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. पुन्हा सेन्सॉरकडे गेलेला तो चित्रपट १९९९ मध्ये कोणतीही काटछाट न होता परत आला, हे योग्यच झाले.

परंतु त्या घरातल्या मुंडू या नोकराकडे दोन्ही बाजूंच्या किती जणांनी पाहिले? त्याला स्वतःची खोली नाही, स्वतःचा संसार नाही. मालकिणींच्या वासनेला चित्रपट चंद्रप्रकाशात न्हाऊ घालतो, नोकराची वासना मात्र किळस यावी अशी रंगवतो, आणि दोघींचे गुपित फोडण्याचे कामही त्यालाच देतो. प्रेमाची प्रतिष्ठासुद्धा घरातल्या स्थानाप्रमाणे वाटली जाते ती अशी. ‘फायर’वर भांडणारे दोन्ही पक्ष एकाच दिवाणखान्यात बसून भांडत होते. ‘गीली पुच्ची’ने त्या दिवाणखान्यात वेगळा कप आणून ठेवला आणि प्रेक्षकांची फळी निराळ्याच रेषेवर फुटली.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भांडे कोणी घडवले आणि ते कोणासाठी वेगळे ठेवले, याचा अर्थ या जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. सुईणीचे हात बाळ जगात आणताना चालतात, मग तिच्या लेकीचे ओठ कपाला लागलेले का चालत नाहीत? जे प्रेक्षक जात उगाच आणली म्हणतात, त्यांना हा कप दिसतच नाही. आणि जे विश्वासघात म्हणतात त्यांना विचारावे लागेल, पहिला विश्वासघात कोणी केला? आडनाव खोटे सांगितल्यावर मिळालेली माया खरे सांगताच आटते, तेव्हा प्रेमभंग झालेला नाही काय? त्यानंतरही भारतीने उदार व्हावे, क्षमा करावी, मित्रासारखे झुरून मरावे, ही अपेक्षा जुनीच आहे. दलित माणूस सोसताना यांना सुंदर दिसतो आणि हिशेब मागताना कपटी दिसतो.

आता आपल्यातल्या चौथ्या मताचा विचार करू. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांनाही, त्यांनी उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महाडचा संग्राम आणि गोलमेज परिषदा मागे टाकून आलेल्या या नेत्याला हा पोट भरलेल्यांचा प्रश्न वाटला नाही. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पण माणसाच्या शरीराविषयी खुलेपणाने बोलण्याचा हक्क हा आपल्या लढ्याबाहेरचा नाही, याची साक्ष त्या वकीलपत्रात आहे.

शिवाय प्रेम, शरीर आणि अत्याचार हे प्रश्न निराळे आहेत काय? याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर प्रथम काय पसरवले गेले? अनैतिक संबंधांची कुजबुज. बाईच्या चारित्र्याचा विषय पुढे केला की जातीचा विषय मागे पडतो. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. दलित स्त्रीने कोणाशी कसे नाते ठेवावे हा विषय आपण बोलायचा नाही असे ठरवले, तर तो बोलण्याची मक्तेदारी कोणाकडे जाते हे खैरलांजीने दाखवले आहे.

तिसरे मत, म्हणजे विजयाचा आनंद, मला सर्वांत जवळचे वाटते. म्हणूनच त्याची तपासणी अधिक कठोरपणे केली पाहिजे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयक निबंधात दाखवले की, जातीअंतर्गत विवाह हा जातीचा प्राण आहे आणि तो टिकवण्यासाठी स्त्रीवर बंधने लादली जातात. जात बाईच्या कुशीतून पुढच्या पिढीत जाते. दोन बायकांचे प्रेम म्हणूनच जातीला परवडत नाही. त्यातून कुळाचा वारस मिळत नाही. भारतीने नेमके काय केले? प्रियाला त्याच कुशीत परत ढकलले. ज्या यंत्राने भारतीला कपाटाबाहेरचा कप दिला, त्याच यंत्राने प्रियाला घरात डांबले, आणि कळ भारतीने दाबली. तिला खुर्ची मिळाली. पण शेवटच्या दृश्यात ती चहा पिते तो स्टीलच्याच कपातून. तिच्या चेहऱ्यावर विजय नाही. दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा येथे आहे. त्याने भारतीला देवी केले नाही, खलनायिकाही केले नाही. दुसरी वाट न उरलेली, हुशार आणि दुखावलेली बाई त्याने उभी केली.

दोष दाखवायचा तर इतकाच, की भारतीला चित्रपटात एकटे ठेवले आहे. दशरथ तिला वास्तव सांगतो, पण सोबत लढत नाही. संघटना नाही, वस्ती नाही. एकट्या माणसाला डावच खेळावा लागतो. लढा द्यायला माणसे लागतात. भारतीच्या जागी तुमच्या गावातली एखादी मुलगी असेल, आणि तिचे मन बाईकडे ओढ घेत असेल, तर ती आपल्या अभ्यासवर्गात येऊन हे सांगू शकेल काय? ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तिचे प्रेम गुन्ह्याच्या यादीतून काढले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तिला लग्नाचा हक्क दिला नाही. कायदा अर्ध्या वाटेवर थांबला आहे. चळवळीने तिला जातीसाठी जवळ घ्यायचे आणि प्रेमासाठी दूर लोटायचे, असे केले, तर तिच्यापुढे आपणही एक वेगळा कपच ठेवला असे होईल.

हा चित्रपट वसतिगृहात, शिक्षकांच्या बैठकीत, महिला मंडळात दाखवावा. संपल्यावर ‘आवडला का’ असे विचारू नये. भारतीने काय करायला हवे होते, आणि ती तुमची बहीण असती तर तुम्ही तेव्हा कोठे असता, असे विचारावे. मते भिन्न येतील. येऊ द्यावीत आणि प्रत्येकाच्या मताखालची पायरी त्याला दाखवावी.