आठ मीटरच्या चौकात कोणते झाड?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या सभेत एक प्रश्न हमखास निघतो : सावलीसाठी कोणते झाड लावायचे? कोणी म्हणते गुलमोहर, कारण तो झटपट वाढतो. कोणी म्हणते रेन ट्री, कारण त्याची सावली मोठी. शेवटी बहुमताने निर्णय होतो. जागा किती आहे, ऊन कोणत्या वेळी आणि कोठून येते, झाडाची पाने कधी गळतात, हे कोणी विचारत नाही.

ही चूक केवळ सोसायट्यांचीच नाही. नवी मुंबईत मोकळ्या जागेचा सर्वांत जास्त विचार जिथे झाला, त्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजविषयीही हेच म्हणावे लागते. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी ही वसाहत सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात उभी केली. सुमारे सहा हेक्टर जागा, लहान लहान भूखंड आणि एकमेकांना न चिकटलेली बैठी किंवा दुमजली घरे, अशी तिची रचना होती. सात घरांमध्ये मिळून सुमारे ८ मीटर × ८ मीटरचा एक सामाईक चौक आणि असे तीन गट मिळून एक मोठा चौक. उष्ण प्रदेशात मोकळी जागा हीसुद्धा सिमेंट-लोखंडासारखी साधनसंपत्ती आहे, गरिबाच्या छोट्या घराला अंगणाची जोड मिळाली की ते घर मोठे होते, हा कोरियांचा विचार. तो मला आजही पटतो. गावाकडे ओटीवर आणि अंगणात वाढलेल्या कोणालाही तो पटेल.

उन्हाचा विचार त्यांनी केला नव्हता असेही नाही. त्यांच्या एका निबंधसंग्रहाचे नावच ‘अ प्लेस इन द शेड’, म्हणजे सावलीतली जागा, असे आहे. पण बेलापूरची चर्चा होते ती चौकाची मापे, भिंती आणि भूखंड यांच्यापाशी थांबते. झाड हे तिथे शोभेच्या यादीत जाते. माझी टीका एवढीच आहे की या चौकात झाड हा रचनेचाच भाग आहे. त्याच्याशिवाय चौक नेमका उलट वागतो. कसा, ते हिशेब करून पाहू.

बेलापूर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंश उंचीवर असतो. चौकाच्या दक्षिणेला ६ मीटर उंचीची भिंत असेल तर तिची सावली साडेपाच मीटर लांब पडते. म्हणजे ८ मीटरच्या चौकाचा निम्म्याहून अधिक भाग सावलीत. आता मे महिना घ्या. १५ मेच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो (आपल्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात). भिंतीची सावली शून्य! थोडक्यात, जेव्हा ऊन हवेसे वाटते तेव्हा भिंती सावली देतात आणि जेव्हा नकोसे होते तेव्हा हात वर करतात. सकाळ-संध्याकाळ भिंती उपयोगी पडतात. अकरा ते तीन या वेळेत मात्र डोक्यावर काहीतरी हवे आणि ते मार्चअखेरीपासून पाऊस येईपर्यंत हवे.

इथेच परदेशी बागकामाच्या पुस्तकांतला सल्लाही फसतो. ‘घराच्या दक्षिणेला पानगळीचे झाड लावा’ हा नियम ४०–५० अंश अक्षांशावरच्या देशांसाठी ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात माध्यान्हीचे ऊन दक्षिणेकडून येतच नाही. ते वरून येते आणि दुपार कलली की पश्चिमेकडून.

तेव्हा झाडाला तीन प्रश्न विचारायचे. एप्रिल-मेमध्ये पाने असतात का? डेरा जागेत मावतो का? वादळात टिकते का?

गुलमोहर पहिल्याच प्रश्नात नापास होतो. हा मादागास्करचा पाहुणा फेब्रुवारीपासून ओका होऊ लागतो आणि ऐन उन्हाळ्यात फुलांनी पेटतो. दिसायला सुंदर, पण फुलांची सावली विरळ. शिवाय मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. आपला बहावाही बहरात जवळजवळ निष्पर्ण असतो. रेन ट्री दुसऱ्या प्रश्नात अडतो. २० मीटर व्यासाचा डेरा म्हणजे सुमारे ३१४ चौरस मीटर सावली, आणि आपला चौक ६४ चौरस मीटरचा. पाच चौक झाकणारे झाड एका चौकात लावले की पुढे दरवर्षी करवत चालणार. सोसायट्यांचा लाडका आसुपालव तर कुंपणाच्या कडेला उभा राहतो आणि खांबाइतकी सावली देतो.

उलट तामण पाहा. कोकणातला, आपले राज्यफूल देणारा हा वृक्ष थंडीत पाने गाळतो, एप्रिलपर्यंत नवी पालवी धरतो आणि आकाराने मध्यम राहतो. बकूळ सदाहरित आणि दाट, मात्र वाढीला संथ. तिचा डेरा ७ मीटर झाला तरी ३८ चौरस मीटर, म्हणजे चौकाचा ६० टक्के भाग झाकला जातो. मोठ्या चौकासाठी करंज. तो खाडीकाठी आपोआप वाढतो, त्यामुळे वाशी-नेरूळकडच्या भरावाच्या, खारट जमिनीतही तग धरतो. त्याची पानगळ जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते. ही झाडे सावकाश वाढतात, हा आक्षेप खरा आहे. पण जी झाडे झपाट्याने वाढतात त्यांच्या फांद्या बहुधा कच्च्या असतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर रस्त्यांत आडवी पडलेली झाडे आपण पाहिली आहेतच.

आर्टिस्ट्स व्हिलेजमधली बरीच मूळ घरे आता पाडली गेली आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. भिंती वाढल्या तरी मेमधली माध्यान्हीची शून्य सावली शून्यच राहिली. घर वाढवता येईल अशी सोय कोरियांनी विचारपूर्वक ठेवली होती. झाड वाढेल अशी सोयही तितक्याच काटेकोरपणे, मापासकट, आराखड्यात हवी होती. त्यात निदान बुंध्याभोवतीची एक मीटर उघडी माती तरी यायला हवी. आज आपण ती फरशी घालून बंद करतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गाबाहेर न्यावा. शाळेच्या आवारातले एक झाड निवडून सकाळी नऊ, बारा, तीन आणि पाच वाजता त्याच्या सावलीची कड मुलांना खडूने आखायला सांगा. क्षेत्रफळ काढा. जानेवारीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा पाने किती आहेत याची नोंद ठेवा. तापमापक झाडाखाली आणि शेजारच्या वऱ्हांड्यात धरला तर फरक फार दिसणार नाही. असे का, हे मुलांना विचारा. दोन्हीकडची हवा जवळपास सारखीच असते. उघड्यावर आपल्याला भाजते ते उन्हाच्या थेट प्रारणाने, आणि झाड अडवते ते हेच प्रारण. पाच महिन्यांनी मुलांच्या वहीत जो तक्ता तयार होईल, तो घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या सोसायटीच्या सभेत उभे राहावे. मग तिथे निर्णय बहुमताने झाला तरी हरकत नाही.