स्वस्त सफरीचा हिशेब

प्रवासवर्णन हा मराठी वाचकांचा आवडता वाङ्मयप्रकार आहे. पूर्वी परदेशी जाणारा विरळा असे आणि परत आल्यावर तो हमखास लिहीत असे. आज आपल्या धर्मग्रामांतून परदेशाशी संबंध न आलेले घर सापडणे कठीण झाले आहे. साहजिकच अशा लेखनाचा ओघही वाढला आहे. नुकतेच असे एक हस्तलिखित माझ्याकडे अभिप्रायासाठी आले. लेखिका मूळची वसईची, आता कॅनडात स्थायिक झालेली. पती, दोन मुले आणि वसईहून काही महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई यांच्यासह तिने अमेरिकेतील मायामी बंदरातून बहामा बेटांवरील नासाऊपर्यंत चार रात्रींची जलसफर केली. तिच्या संमतीनेच मी या लेखनाविषयी येथे लिहीत आहे. त्यातील गुण आणि उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत, म्हणून हा प्रपंच.

पहिला गुण प्रामाणिकपणाचा. आपण बेताच्या पैशांत निघालो होतो, हे लेखिका लपवीत नाही. वादळांच्या हंगामात तिकिटे उतरतात म्हणून शरद ऋतू निवडला; खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या घेतल्या; नासाऊला कंपनीच्या सहलीचे पैसे भरण्याऐवजी बंदरातून पायी चालत जाऊन सार्वजनिक किनारा गाठला. तिकीट स्वस्त ठेवायचे आणि मद्य, जुगारघर, छायाचित्रे, किनाऱ्यावरील सहली यांतून कमाई करायची, हे या धंद्याचे गणित तिने अचूक ओळखले आहे. काटकसर हा संसारी माणसाचा सद्गुण आहे आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही. रात्री वरच्या मजल्यावर कठड्याशी पाचही जण अंधारातील समुद्राकडे पाहत नि:शब्द उभे राहतात, तो परिच्छेद तर कोणत्याही चांगल्या संग्रहात शोभावा असा उतरला आहे.

हे हस्तलिखित वाचताना मला डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाच्या प्रसिद्ध निबंधाची आठवण झाली. १९९५ साली ‘हार्पर्स’ मासिकाने त्याला कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींच्या ऐषारामी सफरीवर पाठविले. त्याचा वृत्तान्त १९९६ साली मासिकात आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जहाजाचे नाव ‘झेनिथ’, म्हणजे खस्वस्तिक, आकाशातील सर्वोच्च बिंदू. वॉलेसने ते उलटवून ‘नादिर’, म्हणजे अध:स्वस्तिक, असे केले! सर्व सुखे हात जोडून उभी असताना माणसाला निराशा का घेरते, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो त्याने विलक्षण बुद्धिमत्तेने मांडला आहे. तथापि तो एकटा होता आणि खर्च मासिकाचा होता. वर्षभर पैसे साठवून मुलांना समुद्र दाखविणाऱ्या आईबापांचा आनंद त्याच्या निबंधात नाही. तो आपल्या लेखिकेपाशी आहे आणि या एका बाबतीत तिचे लेखन मला अधिक निरोगी वाटते.

परंतु वॉलेसने पाहिलेली एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटली. पहिल्याच दिवशी त्याने आपली बॅग स्वत:च उचलून खोलीत नेली. परिणाम असा झाला, की बिचाऱ्या हमालाला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. प्रवाशाच्या हसऱ्या सुखामागे कामगाराची केवढी धास्ती उभी असते, ते या लहानशा प्रसंगातून कळते.

आता हस्तलिखितातील दोन जागा पाहू. ‘पैसे कसे वाचवावे’ या प्रकरणात लेखिका सांगते, की दर माणशी दर दिवशी बक्षिशीची रक्कम आपोआप बिलात चढते; शेवटच्या संध्याकाळी खिडकीवर जाऊन विनंती केल्यास ती कमी करून मिळते; आम्ही तसे केले. अनेक जहाजांवर खोल्या आवरणाऱ्यांच्या आणि वाढप्यांच्या मिळकतीचा मोठा भाग याच रकमेवर अवलंबून असतो, याचा तेथे उल्लेख नाही. त्यानंतर काही पृष्ठांनी, अर्ध्या वाक्यात आणि किंचित संकोचाने, ती लिहिते, की खोली आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला आणि सासूबाई तो येण्याआधीच रोज आपले अंथरूण नीट करून ठेवीत. सासूबाईंचे दिवंगत यजमान तीस वर्षे बोटीवर स्वयंपाकघरात होते, ही माहिती तर प्रस्तावनेतील कौटुंबिक परिचयात आली आहे!

या तीन गोष्टी लेखिकेने तीन ठिकाणी ठेवल्या आणि त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. माझ्या मते हस्तलिखिताचा खरा विषय येथेच आहे. ज्या बोटीने नवऱ्याला तीस वर्षे घरापासून दूर ठेवले, त्याच प्रकारच्या बोटीवर ही स्त्री प्रथमच, आणि तीही पाहुणी म्हणून, चढली. अंथरूण आवरताना तिच्या मनात कोण होते, हे सुनेने विचारायला हवे होते. गोव्यातील आणि मुंबईतील कितीतरी ख्रिस्ती घरांची कौले बोटीवरच्या पगारातून चढली आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ सालचा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला. पण दिवसाला १४ तासांपर्यंतचे काम त्या करारातही बसते. स्वस्त तिकिटातील स्वस्ताई कोणीतरी आपल्या पाठीवर वाहत असतो. तो कोणीतरी आपल्याच अंगणातला असूनही आपल्या लेखनात त्याला अर्धे वाक्य मिळावे, ही उणीव मला भाषेच्या सर्व चुकांहून मोठी वाटते.

याबाबतीत आपल्यापुढे एक जुना आदर्श आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८९ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम पाहावा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. ज्या देशात गेलो, तेथली माणसे कशी जगतात हे आधी विचारायचे आणि आपण काय पाहिले, काय खाल्ले ते मागाहून सांगायचे. पर्यटनाच्या सोयी वाढल्या तसा हा क्रम आपण उलटा केला.

लेखिकेला मी कळविले आहे, की हिशेबाची पाने वगळू नयेत. ती उपयुक्त आहेत आणि खरीही आहेत. बक्षीस कमी करून घेतल्याचे वाक्यही तसेच राहू द्यावे. ते लपविल्याने लेखन शोभिवंत होईल, पण खोटे होईल. मात्र सासूबाईंपाशी बसून पुन्हा एकदा सारे ऐकावे आणि पहिले प्रकरण त्या आवरलेल्या अंथरुणापासून सुरू करावे. तिचे उत्तर आले आहे. सासूबाई वसईला परतल्या असून दर रविवारी मिस्सानंतर ती त्यांना फोन करते आणि लिहून घेते. दुसरा खर्डा तयार होईल तेव्हा तो वाचण्यास मी उत्सुक आहे.