‘बोली’ या संज्ञेची समीक्षकीय सोय

मराठी समीक्षेत आदिवासी साहित्याचा विषय निघाला की ‘आदिवासी बोली’ हा शब्दप्रयोग जवळजवळ आपोआप अवतरतो. भिली, गोंडी, कोलामी, कोरकू, निहाली ही नावे वऱ्हाडी आणि झाडीबोली यांच्या पंक्तीला बसविली जातात, आणि या सर्वांच्या योगाने मराठी समृद्ध होते असा निष्कर्ष काढला जातो. निष्कर्षामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ज्या वर्गीकरणावर हा सद्भाव उभा आहे त्याचा.

गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आहेत. कोरकू ही मुंडा शाखेची आहे. भिली आर्यकुळातील खरी, पण ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात तिचा विचार मराठीच्या सातव्या खंडात नव्हे, तर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात झालेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद परिसरात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या निहालीवर कोरकू, द्राविडी आणि आर्य असे थर चढलेले असले, तरी तिचा गाभा कोणत्याही ज्ञात कुळात निश्चितपणे बसत नाही. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कायपर यांच्या अभ्यासापासून हा प्रश्न चर्चेत आहे. अशा भाषांना मराठीच्या बोली म्हणणे म्हणजे शेजारसंबंधाला वंशसंबंध ठरविणे होय.

भाषा आणि बोली यांतील सीमारेषा मुळातच राजकीय असते, मग नावाचा आग्रह कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सीमारेषा राजकीय असते म्हणूनच ती कोण आखतो याला महत्त्व येते. १९७१च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषकसंख्या असलेल्या भाषांची नावे प्रसिद्ध तक्त्यांतून गळू लागली; निहालीसारखी भाषा त्यामुळे ‘इतर’ या रकान्यात विरून जाते. संख्याबळ असले म्हणजे भागते असेही नाही. २०११च्या जनगणनेत भिली गटाची भाषकसंख्या १ कोटी ४ लाखांवर आहे. या आकड्यात अनेक मातृभाषा एकत्र केलेल्या आहेत हे मान्य केले, तरी आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत भिली नाही; सुमारे १५ लाख भाषक असलेली बोडो मात्र २००३च्या घटनादुरुस्तीने तेथे पोहोचली. बोडोचा अधिकार यामुळे उणावत नाही. स्वतःला भाषा म्हणवून घेणारी चळवळ आणि तिला दुजोरा देणारा विद्वत्समाज असला की काय घडते, एवढेच यातून दिसते.

वाङ्मयीन पातळीवर या संज्ञेचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) आणि भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) हे संग्रह मराठी समीक्षेने गौरविले. परंतु ते मुख्यतः विद्रोहाच्या आशयसूत्राने वाचले गेले. एकाहून अधिक भाषांत वावरणारा कवी कोणता अनुभव कोणत्या भाषेत ठेवतो, मराठीत येताना काय मागे सोडतो, ‘उलगुलान’सारखा मुंडारी शब्द मराठी संग्रहाचे शीर्षक होतो तेव्हा कोणता भाषिक संकेत मोडतो, हे प्रश्न त्या मानाने दुय्यम राहिले. बोली मानलेल्या भाषेतून मराठीत येणे हा प्रवास ‘प्रमाणीकरण’ ठरतो. त्याला भाषांतराचा दर्जा मिळत नाही आणि म्हणून भाषांतरमीमांसाही लागू होत नाही.

बहुभाषिकतेचा पुरस्कार करतानाही एक विपर्यास घडतो. निहाली भाषक सामान्यतः कोरकू आणि मराठी किंवा हिंदी वापरतोच. बहुभाषिकता त्याला शिकवावी लागत नाही. एकभाषिक आहे तो त्याच्याविषयी लिहिणारा अभ्यासक. शिकण्याचा भार नेहमी एकाच बाजूवर पडतो, आणि भाषेच्या ऱ्हासाचे एक मूळ या एकेरीपणात आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासननिर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले. मुलाच्या वयाचा आणि मातृभाषेचा त्या वेळी केला गेलेला युक्तिवाद योग्यच होता. तो मेळघाटातील कोरकू मुलालाही लागू पडतो, आणि घटनेच्या ३५०क या अनुच्छेदात त्याला आधारही आहे. मराठी विद्वत्समाजाने मात्र तो क्वचितच तेथवर नेला.

वस्तुतः मराठीकडे या भाषांशी वेगळे नाते जोडण्याची सामग्री आहे. श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, द्राविडी भाषांत आणि कोरकूत तो आहे. कोरकूत त्याला द्विवचनाचीही जोड मिळते. मराठीतील हा भेद द्राविडी संपर्काचे फलित मानला जातो. म्हणजे ज्यांना मराठीच्या शाखा समजले गेले, त्यांतील काहींच्या कुळाचे ऋण मराठीच्या सर्वनामांत आहे. कोरकू कवितेचे भाषांतर हिंदीपेक्षा मराठीत या एका बाबतीत तरी अधिक नेमके होऊ शकेल. त्यासाठी मराठी अभ्यासकाला कोरकू शिकावी लागेल.

२०१३ मध्ये मराठीत आलेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने या भाषांचे प्राथमिक दर्शन घडविले. पुढचे काम विद्यापीठीय मराठी विभागांचे आहे: या भाषांतील संहिता मूळ रूपात अभ्यासक्रमात आणणे आणि त्यांच्या भाषकांना अध्यापक म्हणून स्थान देणे. ते होत नाही तोवर ‘आपले आदिवासी साहित्य’ या शब्दप्रयोगातील ‘आपले’ हे सर्वनाम तपासून पाहावे लागेल. गौरवाच्या प्रसंगी ते सर्वांना सामावून घेते. अभ्यासक्रम, पदे आणि पुरस्कार यांच्या वाटपात मात्र त्याचे ‘आमचे’ होते.