नव्या वर्षाचे संकल्प आणि ‘स्मृतिचित्रें’

नव्या वर्षाचे संकल्प कित्येकदां पाडव्याची गुढी उतरण्यापूर्वींच मोडतात आणि त्याचा दोष आपण मनाच्या दुर्बळपणास देतों. आमच्या मतें दोष बहुधा संकल्पाच्या ताठपणाचा असतो. कामणचा शेतकरी भाताची लावणी पावसाकडे पाहून करितो. दिवस पुढेंमागें होतो, पीक काढण्याचा निश्चय ढळत नाहीं. वाङ्मयासही हाच न्याय लागतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभिलें. १९१९ सालीं ते वारले तेव्हां सुमारें दहा अध्यायच झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचून पतीचा संकल्प तडीस नेला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’ची कथा मात्र निराळी. पुत्र देवदत्त यांस पित्याचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईस आठवणी लिहावयास सांगितलें. त्या आठवणींचें आत्मचरित्रच झालें व १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंच्या गद्यांत सोवळेंओवळें, दारिद्र्य, पतीचें धर्मांतर, ताटातूट हें सारें हसतखेळत येतें. टिळकांची थोरवी येते, तसा त्यांचा विक्षिप्तपणाही. निव्वळ चरित्रसाधन म्हणून लिहिलें असतें तर हा विनोद खचित गाळला गेला असता. म्हणूनच वाचक ‘ख्रिस्तायना’स वंदन करितो, पण ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां पुन्हां वाचतो.

तात्पर्य, निष्ठेवांचून पहिला ग्रंथ पुरा होता ना. लवचीकपणावांचून दुसरा जन्मासच येता ना. वर्षारंभीं दिशा ठरवावी, पानांची गणती ठरवूं नये.